पुरावा मालकाच्या कपाटात, मग न्याय कुणाचा? : ई-डिस्कव्हरीचा इतिहास आणि आपण



अन्यायाविरुद्ध तोंड उघडणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारला जातो : "पुरावा काय आहे तुमच्याकडे?" बढतीत डावलले म्हणा, तक्रार केली म्हणून नोकरीवरून काढले म्हणा, प्रश्न तोच. वरवर पाहता प्रश्न रास्त वाटतो. पण जरा उलटा विचार करा. बढतीच्या बैठकीचे टिपण कुणाकडे असते? साहेबाने एचआरला पाठवलेला ईमेल कुणाच्या सर्व्हरवर असतो? सीसीटीव्हीचे चित्रण कुणाच्या ताब्यात असते? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच ताब्यात! म्हणजे अन्याय करायचा त्याने, कागद ठेवायचा त्याने, आणि पुरावा द्यायचा तुम्ही. ही व्यवस्था जशीच्या तशी मान्य केली तर दुबळा माणूस कोणताच दावा कधी जिंकणार नाही.

या अडचणीवर कायद्याच्या इतिहासात एक उत्तर शोधले गेले. त्याचे नाव डिस्कव्हरी. दिवाणी दाव्यात एका पक्षाने दुसऱ्या पक्षाला म्हणायचे, "तुझ्या कपाटात या वादाशी संबंधित जे आहे ते माझ्यापुढे आण," आणि न्यायालयाने ते आणायला लावायचे. कपाटाच्या जागी संगणक, मोबाइल आणि सर्व्हर आले तेव्हा तीच गोष्ट ई-डिस्कव्हरी झाली. हा विषय वकिलांचा आणि संगणकवाल्यांचा आहे, आपला काय संबंध, असे समजणाऱ्यांसाठीच हा लेख आहे. कारण या इतिहासाची सुरुवात एका धुराडी साफ करणाऱ्या गरीब पोरापासून होते.

सोनाराचे दुकान, १७२२

लंडनमध्ये धुराडी झाडणाऱ्या एका मुलाला एक दागिना सापडला. तो काय किमतीचा आहे हे विचारायला तो एका नामांकित सोनाराच्या दुकानात गेला. तिथल्या शिकाऊ कामगाराने वजन करण्याच्या बहाण्याने दागिना घेतला, त्यातले खडे काढून घेतले आणि मालकाला मोठ्याने सांगितले की हा माल दीड पेनीचा आहे. मालकाने पोराला तेवढे पैसे देऊ केले. पोराने नकार दिला. माझी वस्तू परत द्या म्हणाला. परत मिळाले ते खड्यांविना नुसते कोंदण.

पोर न्यायालयात गेले. आर्मोरी विरुद्ध डेलामिरी या नावाने हा खटला आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. आता अडचण पाहा. खडे केवढ्याचे होते हे पोराने कसे सिद्ध करायचे? खडे तर सोनाराकडे! मुख्य न्यायाधीश प्रॅट यांनी ज्युरीला सांगितले की सोनार तो खडा आणून दाखवत नसेल, तर त्या कोंदणात बसू शकेल असा उत्तमातला उत्तम खडा होता असे धरून चाला आणि तेवढी भरपाई ठरवा. ज्युरीने तसेच केले.

यातले तत्त्व नीट ध्यानात घ्या. पुरावा ज्याच्या हाती आहे आणि जो तो दाखवत नाही, त्याच्याविरुद्ध अनुमान काढायचे. लपवण्याचा फायदा लपवणाऱ्याला मिळू द्यायचा नाही. हेच तत्त्व आपल्याकडे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम ११४ च्या (जी) या उदाहरणात आले. पुरावा देता येत असूनही जो दडवतो, तो पुरावा त्याच्याच विरोधात गेला असता असे न्यायालय गृहीत धरू शकते. आजच्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ११९ मध्ये आहे. पुढे सांगणार असलेली सगळी गोष्ट या एका तत्त्वाभोवती फिरते.

१९३८ : कपाट उघडण्याचा हक्क

सोनाराच्या दाव्यात खडा लपवला आहे हे पोराला माहीत तरी होते. पण समोरच्याकडे काय आहे हेच माहीत नसेल तर? अनेक वर्षे दिवाणी खटला हा लपाछपीचा खेळ होता. दोन्ही बाजू आपापले पत्ते छातीशी धरून बसायच्या आणि साक्षीच्या दिवशी अचानक बाहेर काढायच्या. ज्याच्याकडे पैसा आणि कागद जास्त, तो या खेळात पुढे.

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १६ सप्टेंबर १९३८ पासून नवे दिवाणी नियम लागू झाले आणि हा खेळ बदलला. समोरच्याला लेखी प्रश्न विचारता येऊ लागले. खटल्याआधीच साक्षीदाराची शपथेवर तपासणी घेता येऊ लागली. कागदपत्रे मागता येऊ लागली. १९४७ मध्ये हिकमन विरुद्ध टेलर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची हद्दही आखून दिली. एक टगबोट बुडून पाच खलाशी मेले होते. वाचलेल्यांकडून बोटमालकाच्या वकिलाने जबाब घेऊन ठेवले होते. ते आम्हाला द्या, अशी मागणी मृताच्या बाजूने झाली. न्यायालय म्हणाले की वस्तुस्थिती दोन्ही बाजूंना सारखीच कळली पाहिजे, पण वकिलाने खटल्यासाठी केलेली स्वतःची तयारी सहजासहजी मागता येणार नाही. आजही डिस्कव्हरीचा तोल हाच आहे : घडले ते उघडे, वकिलाचा सल्ला आणि तयारी झाकलेली.

हा हक्क भेदभावाच्या दाव्यांत किती मोलाचा आहे ते पुढे कळले. कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा आला. वंश, वर्ण, धर्म, लिंग, मूळ देश या कारणांनी नोकरीत भेदभाव करायला त्याने बंदी केली. पण कोणता मालक कागदावर लिहील की याला काळा आहे म्हणून घेतले नाही? पर्सी ग्रीन या कृष्णवर्णीय कामगार-कार्यकर्त्याला मॅक्डॉनेल डग्लस कंपनीने पुन्हा कामावर घ्यायला नकार दिला. कारण सांगितले की त्याने कंपनीविरुद्धच्या बेकायदा रास्ता रोकोत भाग घेतला होता. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालकाने दिलेले कारण हा निव्वळ बहाणा आहे हे दाखवण्याची संधी कामगाराला मिळालीच पाहिजे. तसेच वागलेल्या गोऱ्या कामगारांना कंपनीने ठेवले का, कृष्णवर्णीयांच्या भरतीबाबत कंपनीचा एकंदर व्यवहार कसा होता, हे तपासता येईल. ग्रीन पुढे हरला, पण कसोटी राहिली. आणि ही कसोटी वापरायची तर तुलना करावी लागते, तुलनेला नोंदी लागतात, आणि नोंदी मालकाकडे असतात. म्हणजे डिस्कव्हरीशिवाय समानतेचा कायदा दात नसलेल्या वाघासारखा आहे.

लॉरा झुबुलेक आणि बॅकअप टेप

आता मुख्य गोष्ट. लॉरा झुबुलेक ही न्यूयॉर्कमध्ये यूबीएस वॉरबर्ग या बड्या वित्तसंस्थेत शेअरविक्रीच्या विभागात १९९९ पासून वरिष्ठ पदावर होती. तिचा वरिष्ठ गेल्यावर त्या जागेसाठी तिचा विचार होईल असे तिला सांगितले गेले होते, असा तिचा दावा होता. तिचा विचार न होता बाहेरून एक पुरुष अधिकारी आला. तो आपल्याला बाई म्हणून वेगळी वागणूक देतो, अशी तक्रार तिने ऑगस्ट २००१ मध्ये समान रोजगार संधी आयोगाकडे केली. ऑक्टोबरमध्ये तिला नोकरीवरून काढल्याची नोटीस आली. फेब्रुवारी २००२ मध्ये तिने दावा लावला.

तिने मागणी केली की माझ्यासंबंधी तुमच्या अधिकाऱ्यांत जे काही लिहिले-बोलले गेले ते सगळे द्या, ईमेलसुद्धा. कंपनीने सुमारे ३५० पाने दिली. त्यांत ईमेलची पाने होती सुमारे १००. आणि म्हणाली, झाले, एवढेच आहे. इथे एक साधी गोष्ट कामी आली. लॉराने स्वतःजवळ सुमारे ४५० पानांचे ईमेल जपून ठेवले होते! एका कर्मचाऱ्याकडे ४५० पाने आणि अख्ख्या कंपनीकडे १००? कंपनीने सगळे दिलेले नाही हे या एका तुलनेने उघडे पडले. हाती आलेल्या एका ईमेलमध्ये तर तिच्या तक्रारीनंतर तिला लवकरात लवकर काढावे, म्हणजे वर्षअखेरचा बोनसही द्यावा लागणार नाही, असे सुचवलेले होते.

बाकीचे ईमेल कुठे होते? बॅकअप टेपवर. कंपनी ठरावीक काळाने सर्व्हरची नक्कल टेपवर उतरवत असे आणि महिन्याच्या टेप तीन वर्षे ठेवत असे. त्या उघडून वाचण्याजोग्या करायला सुमारे १ लाख ७५ हजार डॉलर लागतील आणि एवढा खर्च आमच्यावर टाकू नका, असे कंपनीचे म्हणणे पडले. खर्च जो मागतो त्याने करावा, हा युक्तिवाद मान्य झाला असता तर काय झाले असते? नोकरी गेलेल्या माणसाला मालकाच्या कपाटाची किल्ली विकत घ्यावी लागली असती.

न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २००३ आणि २००४ मध्ये या एका दाव्यात एकामागून एक निर्णय दिले. त्यांतून ई-डिस्कव्हरीचा पाया घातला गेला. मे २००३ मध्ये त्यांनी सांगितले की माहिती संगणकात आहे म्हणून आपोआप महाग ठरत नाही. चालू सर्व्हरवर जे सहज मिळते त्याचा खर्च ज्याच्याकडे माहिती आहे त्यानेच करायचा. बॅकअप टेप किंवा पुसलेला मजकूर यांसारखे जे काढायला खरोखर कष्ट पडतात, तिथेच खर्च वाटून घेण्याचा प्रश्न येतो. आणि तो वाटतानाही मागणी किती नेमकी आहे, ही माहिती दुसरीकडे मिळते का, वादाची किंमत किती आणि दोन्ही पक्षांची ऐपत किती हे पाहायचे. आधी नमुना म्हणून लॉराने निवडलेल्या पाच टेप उघडायला लावल्या. त्यांतून दाव्याशी संबंधित सुमारे ६०० ईमेल निघाले. मग जुलै २००३ मध्ये आदेश झाला : उरलेल्या टेप उघडण्याचा ७५ टक्के खर्च कंपनीचा, २५ टक्के लॉराचा. ते ईमेल तपासण्याचा खर्च संपूर्ण कंपनीचा.

टेप उघडताना दुसरीच गोष्ट बाहेर आली. काही टेप गहाळ होत्या. काही ईमेल तक्रारीनंतर पुसले गेले होते. ऑक्टोबर २००३ च्या निर्णयात न्यायालयाने सांगितले की दावा दाखल झाल्यावरच पुरावा जपायचा असे नाही. दावा होणार अशी वाजवी चाहूल लागली की त्या क्षणापासून जपण्याचे कर्तव्य सुरू होते. या प्रकरणात ती चाहूल अधिकाऱ्यांना एप्रिल २००१ मध्येच लागली होती, म्हणजे आयोगाकडे तक्रार होण्याच्याही आधी. मग जुने पुसून टाकण्याची नेहमीची पद्धत थांबवून "काहीही नष्ट करू नका" असा हुकूम कंपनीत सोडावा लागतो. त्याला लिटिगेशन होल्ड म्हणतात.

आणि जुलै २००४ मध्ये शेवटचा दणका. वकिलांनी सूचना दिल्यावरही कर्मचाऱ्यांनी ईमेल पुसले आणि ते जाणूनबुजून केले, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. सूचना देऊन वकिलाचे काम संपत नाही, ती पाळली जाते की नाही हे त्याने पाहिले पाहिजे, असेही बजावले. आणि ज्युरीला सांगण्याचे ठरले की पुसलेले ईमेल कंपनीच्या विरोधात गेले असते असे तुम्ही अनुमान काढू शकता. ओळखले ना? हा धुराडीवाल्या पोराचाच न्याय. खडा दाखवत नाहीस, तर उत्तमातला उत्तम खडा होता असे धरू.

एप्रिल २००५ मध्ये ज्युरीने लॉराच्या बाजूने सुमारे २ कोटी ९३ लाख डॉलरचा निकाल दिला. त्यांतले ९१ लाख भरपाईचे आणि २ कोटी २ लाख दंडात्मक. पुढे दोन्ही बाजूंत तडजोड झाली.

नियम लिहिले गेले

एका बाईच्या चिकाटीतून आणि अशाच इतर खटल्यांच्या अनुभवातून १ डिसेंबर २००६ रोजी अमेरिकेचे संघीय दिवाणी नियम दुरुस्त झाले. "इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवलेली माहिती" ही स्वतंत्र संज्ञा नियमांत आली. ईमेल, फाइल, डेटाबेस, पुढे चॅट, सगळे त्यात आले. दाव्याच्या सुरुवातीलाच दोन्ही वकिलांनी बसून कुठली माहिती कुठे आहे, कशी जपायची, कोणत्या स्वरूपात द्यायची हे ठरवणे बंधनकारक झाले.

स्वरूपाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण नाही. ईमेलची छापील प्रत आणि मूळ ईमेल यांत फरक आहे. मूळ फाइलच्या पोटात आणखी माहिती असते : कधी तयार झाली, कुणी बदलली, कुणाला गुप्त प्रत गेली. तिला मेटाडेटा म्हणतात. तक्रारीनंतर मागची तारीख घालून "याचे काम असमाधानकारक" असा शेरा लिहिला असेल, तर छापील कागद खोटे बोलू शकतो, मेटाडेटा त्याला पकडू शकतो.

या कामाच्या पायऱ्या आज जगभर साधारण सारख्या मानल्या जातात. आधी माहिती कुठे कुठे आहे ते ओळखायचे. मग ती जपायची. मग मूळ रूप न बिघडवता गोळा करायची. दुहेरी प्रती गाळून वाचण्याजोगी करायची. मग एकेक तपासून संबंधित काय, वकिलाशी झालेला गोपनीय सल्ला कोणता, हे वेगळे करायचे. शेवटी समोरच्याला द्यायची आणि न्यायालयात मांडायची. यातली एक पायरी चुकली की पुढचे सगळे डळमळते. आणि सर्वांत जास्त चूक होते ती दुसऱ्या पायरीवर, जपण्यावर.

हत्यार दुधारी आहे

इथे एक प्रामाणिक कबुली दिली पाहिजे. डिस्कव्हरी हे गरिबाचेच हत्यार आहे असे नाही. "सगळे हवे ना? घ्या!" असे म्हणून बडी कंपनी लाखो पानांचा डोंगर समोर ओतू शकते. एकटा वकील तो डोंगर उपसता उपसता थकतो आणि दावा मिळेल त्या रकमेवर मिटवतो. उलट कंपन्यांची ओरड अशी की खोट्या दाव्यातही खर्चाच्या भीतीने आम्हाला तडजोड करावी लागते. १ डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीने मागणी आणि वादाचे महत्त्व यांचे प्रमाण पाहणे ठळकपणे बंधनकारक केले. त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. इलेक्ट्रॉनिक माहिती हरवली तर ज्युरीला विरोधी अनुमान काढायला सांगण्यासाठी, समोरच्याला ती मिळू नये याच हेतूने नष्ट केली हे दाखवावे लागेल. निष्काळजीपणा पुरेसा नाही. माझ्या मते इथे धुराडीवाल्या पोराचा न्याय काहीसा पातळ झाला. कारण हेतू सिद्ध करण्याचा पुरावा तरी कुणाकडे असतो? पुन्हा मालकाकडेच!

तरीही तो न्याय मेलेला नाही. एपिक विरुद्ध गूगल या दाव्यात कर्मचाऱ्यांचे चॅट २४ तासांत आपोआप पुसले जात होते आणि दावा चालू असतानाही ते थांबवले गेले नव्हते. २०२३ मध्ये न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी यावर कडक ताशेरे ओढले. ते चॅट गूगलच्या विरोधात गेले असते असे अनुमान काढण्याची मुभा ज्युरीला दिली गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने निकाल गूगलविरुद्ध दिला.

कागदांच्या डोंगरावरही उपाय निघाला. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधील दा सिल्वा मूर विरुद्ध पब्लिसिस या दाव्यात तीस लाखांहून अधिक ईमेल तपासायचे होते. न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी संगणकाला नमुने दाखवून, शिकवून, त्याच्याकडून संबंधित ईमेल निवडून घेण्याच्या पद्धतीला मान्यता दिली. हा दावाही बढती आणि पगारातील लिंगभेदाविरुद्ध स्त्रियांनी लावलेला होता. म्हणजे पाहा, या कायद्याचा इतिहास पुन्हा पुन्हा कुणी पुढे नेला? ज्यांना डावलले त्यांनी.

सिस्को : जात सर्व्हरवर कुठे दिसते?

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या राज्य यंत्रणेने सिस्को या कंपनीवर दिवाणी दावा लावला. आरोप असा की सॅन होजे येथील एका दलित अभियंत्याची जात त्याच्या वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितली, आणि तक्रार केल्यावर त्याला कामात बाजूला सारले गेले. आरोपानुसार कंपनीच्या एचआर विभागाने जातिभेद हा बेकायदा नाही अशीच भूमिका घेतली. कंपनीने आरोप नाकारले. संघीय न्यायालयातला हा दावा पुढे सँटा क्लारा परगण्याच्या राज्य न्यायालयात नेण्यात आला. २०२३ मध्ये यंत्रणेने दोन वरिष्ठांविरुद्धचा दावा मागे घेतला, पण कंपनीविरुद्धचा चालू ठेवला.

खरे-खोटे न्यायालयाने ठरवायचे आहे. आपण त्यातून एक गोष्ट शिकायची आहे. जात कंपनीच्या कोणत्याही फॉर्मवर लिहिलेली नसते. पगारपत्रकात जातीचा रकाना नसतो. मग अशा वादात सत्य कुठे सापडेल? तक्रारीचा पहिला ईमेल कधी गेला यात. चौकशी करणाऱ्याने टिपणात काय लिहिले आणि काय वगळले यात. तक्रारीच्या आधी कामाचे मूल्यमापन काय होते आणि नंतर काय झाले, या दोन तारखांमध्ये. जात कुजबुजीत चालते, पण कुजबुजही आता चॅटवर होते आणि चॅटची नोंद राहते. ई-डिस्कव्हरीचा आपल्याशी संबंध आहे तो इथे.

आपल्याकडे : जालन्याची निवडणूक

"हे सगळे अमेरिकेत, इथे काय?" असे कुणी म्हणेल. इथेही १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ११ आहे. समोरच्याला लेखी प्रश्न विचारा, कागदपत्रे शपथेवर उघड करायला लावा, पाहणी मागा. आदेश न पाळणाऱ्या वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो आणि प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने व्यापारी वादांपुरता हा आदेश आणखी कडक केला. आपल्या ताब्यातली सगळी संबंधित कागदपत्रे, इलेक्ट्रॉनिक नोंदींसह, सुरुवातीलाच शपथेवर मांडायची. पण हे व्यापाऱ्यांच्या भांडणासाठी! कामगाराच्या, भाडेकरूच्या, भेदभाव झालेल्याच्या दाव्याला अजून जुनाच आदेश. पैशाच्या वादात पारदर्शकता सक्तीची आणि माणसाच्या मानाच्या वादात ऐच्छिक, हा भेद का? हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

आपल्याकडे दुसरी भिंत आहे प्रमाणपत्राची. जुन्या पुरावा कायद्यात संगणकातल्या नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचे कलम ६५-ब चे प्रमाणपत्र लागत असे. २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अनिवार्य ठरवले. पण यंत्र विरोधकाकडे किंवा सरकारी कार्यालयात असेल आणि तो प्रमाणपत्रच देत नसेल तर? पुन्हा तीच सोनाराच्या दुकानातली अडचण.

याचे उत्तर आपल्या जालन्यातून आले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी जिंकले. त्यांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांत सगळे चित्रित झाले होते. न्यायालयाच्या आदेशाने सीडी मिळाल्या, पण वारंवार मागूनही प्रमाणपत्र काही मिळाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की प्रमाणपत्र अनिवार्यच आहे, मात्र मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले तर ते लागत नाही. आणि ज्याने मिळवण्यासाठी शक्य ते सगळे केले, न्यायालयाकडेही मागणी केली, तरी समोरच्याने दिले नाही, त्याला अशक्य गोष्टीसाठी शिक्षा करता येणार नाही.

या निकालातला मुख्य धडा कोणता? गोरंट्याल यांच्या बाजूने मागणीची नोंद होती. त्यांनी मागितले होते, पुन्हा मागितले होते, आणि ते कागदावर होते. मागितलेच नसते तर ही सवलत मिळाली नसती.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचे हॅश मूल्य द्यायचे असते. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठा. एक अक्षर बदलले तरी अंगठा बदलतो. यामुळे खोट्या पुराव्याला आळा बसेल हे खरे. पण तालुक्याच्या गावातल्या माणसाने तज्ज्ञ कुठून आणायचा, त्याचा खर्च कुणी करायचा, याचे उत्तर कायद्याने दिलेले नाही. झुबुलेक खटल्यातला खर्चाचा प्रश्न इथे नव्या रूपात उभा आहे.

मग आपण काय करायचे?

सरकारी कार्यालयाकडून माहिती अधिकारात कागद मागता येतो. खासगी कंपनी त्या कायद्याच्या थेट कक्षेत येत नाही. तिथे दिवाणी न्यायालयातली डिस्कव्हरी हाच मोठा दरवाजा. तो ठोठावण्याआधी या गोष्टी पक्क्या करा.

तक्रार तोंडी करू नका. लेखी करा, तारखेसह, पोच घेऊन. त्या तारखेपासूनच समोरच्याला दाव्याची चाहूल लागली असे म्हणता येते.

तक्रारीसोबत किंवा वकिलामार्फत नोटीस द्या की या विषयाशी संबंधित ईमेल, चॅट, सीसीटीव्ही चित्रण, हजेरीच्या नोंदी नष्ट करू नका. सीसीटीव्हीवर जुने चित्रण नव्याखाली पुसले जाते. पहिल्या काही दिवसांतच मागा.

स्क्रीनशॉटवर विसंबू नका. ज्या मोबाइलवर मेसेज आला तो मोबाइल जपा. मोबाइल बदलायचा झाला तरी जुना विकू नका. मूळ यंत्र हाच सर्वांत भक्कम पुरावा.

स्वतःचे काहीही पुसू नका, गैरसोयीचे असले तरी. जपण्याचे कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे. आपण पुसले तर तेच विरोधी अनुमान आपल्याविरुद्ध निघेल. आणि कंपनीचे जे आपल्याला पाहण्याचा अधिकार नाही ते चोरून काढू नका. ते न्यायालयामार्फत मागा.

मागणी नेमकी करा. "सगळे द्या" याऐवजी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक तीन अधिकाऱ्यांतला, या विषयावरचा पत्रव्यवहार द्या. नेमकी मागणी फेटाळणे न्यायालयाला अवघड जाते.

आणि शेवटचे. आपल्यातल्या कायदा शिकणाऱ्या आणि संगणक शिकणाऱ्या तरुणांनी एकत्र बसले पाहिजे. वकिलाला हॅश कळत नाही आणि अभियंत्याला आदेश ११ माहीत नाही, या दरीत आपले किती दावे बुडतात! प्रत्येक जिल्ह्यात असे पाच-सहा जण तयार झाले तर तज्ज्ञाअभावी कुणाचा पुरावा नाकारला जाणार नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. यातले शिका म्हणजे पदव्या मिळवणे एवढेच नव्हे. सत्ता ज्या नोंदींच्या आधारावर चालते त्या नोंदी मागायला शिकणे हेही शिक्षणच आहे. तीनशे वर्षांपूर्वी धुराडी झाडणाऱ्या पोराकडे ना पैसा होता ना कागद. दीड पेनी घेऊन तो गप्प घरी गेला असता तर सोनार जिंकला होता. त्याने पैसे नाकारले आणि माझी वस्तू परत द्या म्हणून तो अडून बसला. म्हणून पुढच्यांसाठी कायदा झाला. आपल्यालाही कुणी दीड पेनी देऊ करील. ती नाकारा आणि कपाट उघडायला लावा.

जय भीम! जय संविधान!